मूठभर युरिया आणि पाटीभर शेणखत

माझ्या हातून मेलेलं पहिलं झाड जास्वंदीचं. दहा इंची कुंडी होती, बागकामाचं वेड नुकतंच लागलेलं, आणि पानं जराशी फिकट दिसायला लागली तसं कुणीतरी म्हणालं, अगं थोडा युरिया टाक, आठवड्यात हिरवीगार होईल. थोडा म्हणजे किती हे सांगणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाबांच्या गोणीतून पिशवीत भरून आणलेला युरिया घरात होताच, त्यातली एक मूठ कुंडीत टाकली, वरून तांब्याभर पाणी घातलं आणि कामाला लागले. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, मग अख्खी पानं कुरकुरीत, आणि दहाव्या दिवशी झाड उपटलं तर मुळं काळी पडून हातातच तुटली. मी त्या दिवशी ठरवूनच टाकलं की केमिकल हे विषच असतं, लोक म्हणतात ते खरंच आहे.

त्या मुठीचा हिशोब मी खूप वर्षांनी मांडला, आणि तो मांडला नसता तर आजही तेच म्हणत बसले असते. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. शेतात एखाद्या पिकाला हेक्टरी १२० किलो नत्र दिलं तर ते चौरस मीटरला पडतं १२ ग्रॅम. दहा इंची कुंडीच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस मीटरचा विसावा भाग, म्हणजे कुंडीच्या वाट्याला येतं जेमतेम ०.६ ग्रॅम नत्र, म्हणजे साधारण १.३ ग्रॅम युरिया. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा, तोही अख्ख्या हंगामाचा, तोही दोन-तीन वेळा विभागून. माझ्या मुठीत सहज ५० ग्रॅम असणार. म्हणजे जवळजवळ चाळीसपट. चाळीसपट मीठ जेवणात पडलं तर कुणी मिठाला विष म्हणणार नाही, पण जेवणारा मात्र आजारी पडेल.

आत काय झालं तेही नंतर कळलं. मातीत युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरियाचे तुकडे करून अमोनिया बनवतं, मातीला ऊब आणि ओल असेल तर दोन-चार दिवसांतच. एवढा अमोनिया छोट्याशा कुंडीत एकदम तयार झाला की माती अल्कधर्मी होते आणि अमोनियाने मुळांची टोकं होरपळतात. शिवाय मातीतल्या पाण्यात विरघळलेलं इतकं काही असलं की मूळ पाणी ओढूच शकत नाही, उलट मुळातलंच पाणी बाहेर यायला लागतं. कुंडी ओली आणि झाड तहानलेलं. मी पानं सुकताना बघून आणखी पाणी घालत होते, खरं तर भरपूर पाणी घालून सगळं खालच्या भोकातून वाहू दिलं असतं तर कदाचित झाड वाचलंही असतं.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी शपथ घेतल्यासारखी सेंद्रियकडे वळले. घरातला ओला कचरा, वाळकी पानं, आणि सुताराकडचा लाकडाचा भुसा फुकट मिळाला म्हणून तोही दोन पोती, असं सगळं ड्रममध्ये भरलं, दीड महिन्याने बघितलं तर रंग काळपट दिसला, वास नव्हता, मग खत झालं असं समजून टोमॅटोच्या सहा कुंड्यांत एकास एक मातीबरोबर मिसळलं. रोपं लावली आणि ती जिथल्या तिथे उभी राहिली. मेली नाहीत, वाढलीही नाहीत. खालची पानं पिवळी, मग त्याच्या वरची पिवळी, देठ जांभळट. मी आणखी तेच खत वर घातलं. आणखी पिवळी.

नत्राची उपासमार होती ती, आणि खत घालून मीच ती आणली होती. मातीतल्या जिवाणूंना अंग वाढवायला कर्ब, म्हणजे कार्बन, आणि नत्र दोन्ही लागतं, आणि त्यांचं ठरलेलं प्रमाण असतं. कुजणाऱ्या मालात एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असला तर काम सुरळीत चालतं. लाकडाच्या भुशात हेच प्रमाण शेकड्यांत जातं. म्हणजे जिवाणूंपुढे कर्बाचा डोंगर आणि नत्र चिमूटभर, मग ते आजूबाजूच्या मातीतलं नत्र ओढून घेतात, आणि या स्पर्धेत मुळं कायम मागे पडतात कारण जिवाणू संख्येने अफाट आणि मातीच्या कणाकणाला चिकटलेले. ते नत्र नाहीसं होत नाही, जिवाणूंच्या अंगात अडकतं, ते मेले की सुटतं. त्या सहा कुंड्यांतली माती मी टाकून दिली नाही हे नशीब. ती एका कोपऱ्यात पडून राहिली आणि पुढच्या वर्षी त्याच मातीत मिरची लावली तर इतकी आली की मला वाटलं माझ्याकडून काहीतरी जादू झाली. जादू काही नव्हती, वर्षभर कुजायचं ते कुजून घेतलं होतं.

म्हणजे दोन्हींनी मी झाडं बिघडवली आहेत, एकाने घाईमुळे आणि दुसऱ्याने उशिरामुळे. हे सांगायचं कारण असं की सेंद्रिय की रासायनिक हा वाद निघाला की लोक चारित्र्याबद्दल बोलल्यासारखे बोलतात, एक पवित्र आणि एक पापी, आणि मला आता असं मनापासून वाटतं की हा वाद मुळात वेगाचा आणि मात्रेचा आहे, आणि त्याहून जास्त, आपण कुणाला भरवतोय याचा आहे, झाडाला की मातीला.

शब्दापासूनच गोंधळ आहे बघा. युरिया हे शास्त्राच्या भाषेत सेंद्रिय संयुग आहे! त्यात कर्ब आहे, तो आपल्या आणि जनावरांच्या लघवीत असतो, आणि १८२८ साली फ्रीडरिश व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत निर्जीव पदार्थांपासून बनवला तेव्हाच सजीव वस्तूंमध्ये काही वेगळी प्राणशक्ती असते आणि त्याशिवाय सेंद्रिय पदार्थ बनतच नाहीत या समजाला पहिला मोठा धक्का बसला. उलट सेंद्रिय शेतीत चालणारं रॉक फॉस्फेट हा निव्वळ खाणीतला दगड, त्यात सेंद्रिय असं काही नाही. आणि कारखान्यातलं स्फुरदयुक्त, म्हणजे फॉस्फरसचं, खतही त्याच दगडावर आम्लाची प्रक्रिया करून बनतं. तेव्हा शब्दांवरून भांडण्यात अर्थ नाही.

झाडाच्या बाजूने बघितलं तर गोष्ट आणखी साधी होते. मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपात. शेणखत घाला, पेंड घाला, युरिया घाला, मातीतले जिवाणू त्याचं शेवटी अमोनियम करतात आणि मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. त्या नायट्रेटवर कुठून आलो याचा शिक्का नसतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं होतं, इतकी वर्षं ड्रम ढवळले, आणि झाडाला काही फरकच कळत नाही? फरक पडतो, पण तो झाडाच्या तोंडी जाणाऱ्या घासात नाही.

तो कुठे पडतो हे समजून घ्यायला इंग्लंडमधलं एक शेत फार उपयोगी आहे. रोथामस्टेड नावाच्या ठिकाणी जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या दोघांनी १८४३ च्या शरद ऋतूत ब्रॉडबाल्क नावाच्या शेताचे पट्टे पाडले आणि गहू पेरला. एका पट्ट्याला काहीच खत नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, बाकीच्यांना वेगवेगळी रासायनिक खतं वेगवेगळ्या प्रमाणात. आणि तो प्रयोग आजही चालू आहे! मला या गोष्टीचं किती अप्रूप वाटतं सांगता येत नाही, पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली, लॉज गेले, गिल्बर्ट गेले, दोन महायुद्धं झाली, आणि दरवर्षी कुणीतरी त्या पट्ट्यांत पेरतंय, कापतंय, वजन करतंय, मातीचे नमुने बाटल्यांत भरून ठेवतंय.

या प्रयोगामागे एक वादही होता. युस्टुस फोन लीबिग या मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४० मध्ये मांडलं होतं की झाड ह्यूमस, म्हणजे मातीतला कुजून काळा झालेला भाग, खात नाही, खनिजं घेतं, आणि हे बरोबर होतं. पण त्याला असंही वाटायला लागलं की नत्र पिकाला हवेतून आणि पावसातून पुरेसं मिळतं, ते वेगळं द्यायची गरज नाही. त्याने स्वतःचं पेटंट खतही काढलं, पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून मुद्दाम न विरघळणारं केलेलं, आणि ते सपशेल फसलं, कारण न विरघळणारं खत मुळांना मिळणार कसं, आणि नत्र तर त्यात नव्हतंच. लॉज आणि गिल्बर्टच्या पट्ट्यांनी दाखवून दिलं की गव्हाला नत्र द्यावंच लागतं.

पण मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते पुढचं. शेणखताचा पट्टा आणि योग्य मात्रेत रासायनिक खत दिलेला पट्टा, दोन्हींचं उत्पादन शंभराहून जास्त वर्षं जवळजवळ सारखं येत राहिलं. काहीच न दिलेल्या पट्ट्यात हेक्टरी टनभराच्या आसपास गहू, आणि बाकी दोन्ही पट्टे त्याच्या कितीतरी पुढे, जवळजवळ खांद्याला खांदा लावून. म्हणजे रासायनिक खताने जमीन चार वर्षांत मरते असं जे आपण बिनधास्त बोलतो ते निदान तिथे तरी झालं नाही. आणि त्याच वेळी शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब दुपटीहून जास्त झाला. पुढे जास्त उत्पादनाच्या नव्या जाती आल्या तेव्हा सगळ्यात चांगलं पीक आलं ते शेणखत आणि वरून थोडं रासायनिक नत्र असं दोन्ही दिलेल्या ठिकाणी.

तिथलंच दुसरं एक रान आहे, पार्क ग्रास नावाचं, १८५६ पासूनचा गवताचा प्रयोग. तिथे ज्या पट्ट्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलं आणि चुना दिला नाही, तिथली माती इतकी आम्लधर्मी झाली की गवताच्या असंख्य जातींपैकी एक-दोनच उरल्या, आणि मेलेलं गवत कुजेनासं झालं, गादीसारखा थर साठत गेला कारण खाली ते खाणारी गांडुळंच टिकेनात. तेव्हा रासायनिक खताने काही होत नाही असंही म्हणू नका. कुठलं खत, किती, कुठल्या मातीत, बरोबर काय दिलं, यावर सगळं ठरतं, आणि हे वाक्य वादात फार दुबळं वाटतं हे मला माहीत आहे, पण आहे ते असं आहे.

आता वजनाबद्दल बोलते, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण वजन विसरतात आणि माझे बाबा कधी विसरले नाहीत.

चांगल्या शेणखतात नत्र असतं साधारण अर्धा टक्का. हेक्टरी १२० किलो नत्र युरियातून द्यायचं तर २६० किलो युरिया लागतो. तेच शेणखतातून द्यायचं तर २४ टन, आणि तेही सगळं नत्र पहिल्या वर्षी मिळतं असं धरून, प्रत्यक्षात त्याचा एक छोटा भागच पहिल्या हंगामात सुटतो. २४ टन म्हणजे काय हे कागदावर कळत नाही. मी लहान असताना उकिरड्यातून शेणखत भरून पाटीने शेतात पसरताना बाबांना बघितलंय. पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, चालत जायचं, ओतायची, परत यायचं. एका पाटीत वीस किलो धरलं तर २४ टनांना बाराशे पाट्या. बाराशे वेळा मान आणि पाठ. बाबांची मान आज ज्या बाजूला कलते ती त्यातूनच कलली असं मला वाटतं. मी गच्चीवरच्या कुंड्यांच्या जोरावर त्यांना एकदा फार तावातावाने सांगितलं होतं, बाबा युरिया बंद करा, मातीचा जीव जातोय. ते चिडले नाहीत. म्हणाले, "अगं, बंद करतो. पाट्या कोण टाकणार आणि तेवढी जनावरं कुठून आणायची ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही.

आणि जनावरांचा मुद्दा तर फारच मूळचा आहे. शेणखतातलं नत्र जनावर तयार करत नाही. ते चाऱ्यातून येतं, चारा कुठल्यातरी जमिनीवर वाढतो, म्हणजे शेणखत हे एका जमिनीचं नत्र दुसऱ्या जमिनीवर नेणं आहे. हवेतलं नत्र नव्याने मातीत आणणारे निसर्गात मुख्यतः दोनच, वीज आणि काही जिवाणू, त्यातले सगळ्यात कामाचे म्हणजे कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे. म्हणून ताग, धैंचा अशी हिरवी पिकं मातीत गाडणं, कडधान्याचा बेवड घेणं, म्हणजे आधी कडधान्य आणि मग दुसरं पीक, याला इतकं महत्त्व.

एकोणिसाव्या शतकात हे पुरेना. पेरूच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शेकडो वर्षांचे डोंगर होते, ग्वानो, ते खरवडून जहाजांनी युरोपला नेले, काही दशकांत संपवले. मग दक्षिण अमेरिकेतल्याच अटाकामा वाळवंटातला सोरा, म्हणजे नत्र असलेला क्षार, त्या भागासाठी चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात १८७९ ला युद्ध पेटलं. १८९८ मध्ये विल्यम क्रूक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने जाहीर भाषणात सांगितलं की सोरा संपेल, गहू पुरणार नाही, हवेतलं नत्र बांधायची युक्ती रसायनशास्त्रज्ञांनीच शोधायला हवी. अकरा वर्षांनी, १९०९ मध्ये, फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत टेबलावर मावणाऱ्या यंत्रातून अमोनियाचे थेंब पाडून दाखवले. कार्ल बॉशने त्याचा कारखाना केला, १९१३ मध्ये ओपाउ इथे उत्पादन सुरू झालं. चार-पाचशे अंश तापमान, शेकडो पट हवेचा दाब, लोखंडाचा उत्प्रेरक, आणि हवेतलं ते हट्टी नत्र हायड्रोजनला जोडलं जातं.

हा हाबर म्हणजे असा माणूस की त्याच्याबद्दल मला अजून काय वाटून घ्यावं कळत नाही. वर्षभरातच महायुद्ध सुरू झालं आणि तोच अमोनिया स्फोटकांकडे वळला, आणि १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे क्लोरीन वायूचा हल्ला झाला तो याच हाबरच्या देखरेखीखाली. आणि आज जगातल्या साधारण निम्म्या लोकांचं अन्न त्याने दाखवलेल्या वाटेने बनलेल्या नत्रावर वाढतं असा अंदाज आहे. तुमच्या-माझ्या स्नायूंतलं, केसांतलं बरंचसं नत्र कधीतरी एखाद्या कारखान्याच्या पाइपातून गेलेलं आहे. मग मी रासायनिक खताला नुसतं विष म्हणायचं तर स्वतःच्या शरीरालाही काय म्हणायचं?

२०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली होती. भाताचं आणि चहाचं उत्पादन पडलं, शेतकरी रस्त्यावर आले, आणि काही महिन्यांतच ती बंदी मागे घ्यावी लागली. सेंद्रिय शेती चुकीची होती म्हणून नाही, तर एवढं सेंद्रिय खत नव्हतंच आणि मातीला बदलायला वेळही दिला नव्हता. माझ्या सहा पिवळ्या टोमॅटोंची मला तेव्हा फार आठवण आली. घाई झाली की सेंद्रियसुद्धा दगा देतं.

इतकं सगळं युरियाच्या बाजूने लिहिल्यावर कुणाला वाटेल मी पक्ष बदलला. तसं नाही. आता मातीकडे येते.

दोन वर्षांपूर्वी मी बाबांच्या शेतातून दोन ढेकळं आणली. एक शेताच्या मधोमधचं, जिथे वर्षानुवर्षं नांगरट, युरिया, आणि शेणखत मिळेल तेव्हा मिळेल तेवढं. दुसरं बांधावरचं, जिथे गवत वाढतं, तिथेच मरतं, कुणी नांगरत नाही. दोन्ही नीट वाळवली, काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेतलं आणि जाळीच्या तुकड्यावर ठेवून हळूच पाण्यात सोडली. मधलं ढेकूळ मिनिटभरात सुटलं, आधी कडेने बुडबुडे, मग सालपटं, मग धुरासारखं खाली ओघळून ग्लासच्या तळाशी गाळ. बांधावरचं ढेकूळ तसंच्या तसं. तासाभराने बघितलं तरी तसंच, पाणी नितळ. एकच जमीन, मध्ये पन्नास पावलांचं अंतर. बाबा खुर्चीत बसून बघत होते, काही बोलले नाहीत, उठले आणि मधल्या ग्लासातलं पाणी बोटाने ढवळून परत बसले.

त्या बांधावरच्या ढेकळाला धरून ठेवणारा डिंक म्हणजे बुरशीचे धागे, जिवाणूंचे चिकट स्राव, मुळांतून पाझरणारी साखर, गांडुळाच्या पोटातून गेलेली माती. हा सगळा कारभार चालतो कर्बावर, आणि युरियाच्या गोणीतून मातीला टिकाऊ कर्ब मिळत नाही, युरियातला कर्ब तर कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. डिंक सुटला की पावसाच्या थेंबाने कण फुटतात, वर पापडी धरते, पाणी आत जाण्याऐवजी वाहतं, वाहताना माती नेतं, आणि मग दोन आठवडे पाऊस नसला की पीक माना टाकतं कारण आत ओल साठलेलीच नसते. यात नांगरटीचाही मोठा हात आहे, पिकाचे अवशेष जाळण्याचाही आहे, सगळं खापर युरियावर फोडू नये. पण युरियाने एक गोष्ट नक्की केली, शेणखत नसलं तरी पीक येतं हे दाखवून दिलं, आणि मग शेणखत टाकायचं कारणच उरलं नाही. पीक हिरवं दिसतं तोवर खालचं कुणाला दिसत नाही.

शिवाय जे नत्र देतो त्यातलं जगभरात अर्ध्याच्या आसपासच पिकाला मिळतं. उरलेलं अमोनिया होऊन उडतं, नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं, विहिरींत जातं, नद्यांतून समुद्रात जातं. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते तिथे दर उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन संपून मोठा मृत पट्टा तयार होतो, त्यामागे वरच्या शेतांतून वाहून आलेलं नत्र आणि स्फुरद आहे. आणि काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो.

फक्त हे पुन्हा एकदा सांगायलाच हवं की ही गळती शेणखतातूनही होते. शेणखत कॅलेंडर बघून कुजत नाही. माती उबदार आणि ओलसर असली की शेतात पीक असो नसो, ते नत्र सोडतच राहतं, आणि रान मोकळं असेल तर ते नायट्रेट थेट खाली जातं. ब्रॉडबाल्कच्या शेणखताच्या पट्ट्यातूनही हे दिसलंय. उघड्यावर, उन्हात, पावसात पडलेला उकिरडा तर शेतात जायच्या आधीच अर्धा रिकामा होतो. नत्राच्या हिशोबाने शेणखत देत गेलं तर स्फुरद गरजेपेक्षा जास्त साठत जातं. कच्च्या शेणखतातून मुळं खाणारी हुमणीची अळी येते, तणाचं बी येतं, रोगजंतू येतात. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, काही तणनाशकं चाऱ्यावर मारलेली असली तर जनावराच्या पोटातून जाऊनही शेणात टिकतात, आणि तसं खत टोमॅटोला घातलं की नवी पानं पिळवटून येतात. पिशवीवर नैसर्गिक लिहिलेलं असतं, ते खोटंही नसतं, तरी झाड पिळवटतं.

म्हणून कुजवणं हे काम नीट शिकावं लागतं. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होता, तिथे त्याने काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक वेळी पलटी देऊन तीनेक महिन्यांत खत तयार करायची पद्धत बसवली, जिला इंदूर पद्धत म्हणतात. पहिल्यांदा माझा ढीग नीट तापला तेव्हा मी त्यात मनगटापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला, इतका गरम. साठ अंशांपर्यंत जातो. ती ऊब कोट्यवधी जिवांच्या श्वासाची आहे हे माहीत असूनही अंगावर काटा आला. तणाचं बी आणि रोगजंतू याच उबेत मरतात, माझ्या त्या पहिल्या ड्रममध्ये ती ऊब कधी आलीच नव्हती.

आता मी करते ते असं. कुंड्यांना पूर्ण मुरलेलं कंपोस्ट, दोन मुठी बोटांनी चुरून वास घेऊन मगच, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास आला तर तयार. भुसा आता फक्त वरून आच्छादनाला, मातीत मिसळत नाही. आणि हो, घरात युरियाची छोटी बरणी पुन्हा आली आहे, सोबत एक छोटा वजनकाटा. फार फिकट पडलेल्या झाडाला लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम विरघळवून देते, कारण उपाशी माणसाला आधी घास द्यावा, जमीन कशी कसायची ते नंतर सांगावं.

बाबांच्या शेतात आम्ही एका कोपऱ्यात तीन पट्टे आखलेत, ब्रॉडबाल्कची ऐट नाही, प्रत्येकी एक गुंठा. पहिल्याला फक्त शेणखत, दुसऱ्याला फक्त रासायनिक, तिसऱ्याला शेणखत आणि माती परीक्षणाच्या हिशोबाने निम्मा युरिया, तोही तीन हप्त्यांत, ओळीच्या बाजूला पाडून मातीआड केलेला, कारण ओल्या जमिनीवर उघडा टाकला की उडून जातो. पाट्या या वेळी मी टाकल्या. एका गुंठ्याला बारा पाट्या बसतात, दोन गुंठ्यांच्या चोवीस, आणि चोविसावी ओतून झाल्यावर मी बांधावर बसले ती बराच वेळ उठले नाही, बाबा पाणी घेऊन आले.

पीक आता गुडघाभर आलंय. डोळ्यांना तरी दुसरा आणि तिसरा पट्टा सारखेच हिरवे, पहिला जरा मागे आहे पण पानं जाड आहेत. मागच्या आठवड्यात मी तिन्ही पट्ट्यांतली ढेकळं पुन्हा ग्लासात सोडली, तिन्ही विरघळली, पहिल्या आणि तिसऱ्यातलं किंचित उशिरा, इतकं किंचित की माझा भास असेल. बाबा म्हणाले एका हंगामात काय होणार आहे. तिसऱ्या पट्ट्याला युरियाचा शेवटचा हप्ता या आठवड्यात द्यायचा होता, वजन करून पुड्याही बांधून ठेवल्या, पण संध्याकाळी आभाळ भरून आलं. बाबा अंगणात उभे राहून वर बघत होते, म्हणाले आता टाकला तर सगळा ओढ्याला जाईल, दोन दिवस थांबू, वाफसा येऊ दे. पुड्या परत डब्यात ठेवल्या.